पौर्णिमा, चांदीची गोळी आणि म्हातारा थिस: वेअरवुल्फची ‘खरी’ दंतकथा कोणती?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्हाला मराठीत एक ऑडिओ मालिका लिहायची आहे, तिच्यात वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, हवा आहे, आणि सिनेमांनी शिकवलेलं बाजूला ठेवून ‘मूळ, खऱ्या’ दंतकथेपर्यंत पोचायचं आहे. पौर्णिमा, चांदीची गोळी आणि चावल्याने होणारी लागण हे सगळं किती जुनं, असं तुम्ही विचारलंय. जुन्या खटल्यांतल्या माणसांना पोर्फिरिया (एक दुर्मीळ रक्तविकार) होता, रेबीज होता की आणखी काही, हेही विचारलंय. आणि शेवटी, कथा सह्याद्रीत घडवली तर चालेल का?

मी युरोपातल्या लोककथा आणि चेटूक-खटल्यांचे कागद बरीच वर्षं शिकवते आहे. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच आणि प्रत्येकाला एका ओळीत उत्तर हवं असतं. तसं देता येत नाही, कारण मूळ अशी एक कथा नाहीच. लांडगा होणाऱ्या माणसाबद्दल अडीच हजार वर्षं लोक लिहीत आले आहेत, पण लिहिणारे वेगळे आणि त्यांची कामंही वेगळी. कुणी प्रवासवर्णन लिहीत होता, कुणी पाप्यांना प्रायश्चित्त सांगत होता, कुणी दरबारात रंजन करत होता, कुणी आरोपीचा जबाब उतरवून घेत होता. त्यामुळे माझ्या वर्गात पहिली अट अशी असते की गोष्टीत काय आहे ते नंतर सांगा, आधी ती कुणी, कशासाठी लिहून ठेवली ते सांगा. तुमच्या प्रश्नांकडेही मी त्याच वाटेने जाते.

सुरुवात ग्रीकांपासून. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इतिहासकार हेरोडोटस काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या सिथियाच्या पलीकडे राहणाऱ्या नेउरी लोकांबद्दल लिहितो की त्यांच्यातला प्रत्येक जण वर्षातून एकदा काही दिवस लांडगा होतो आणि पुन्हा माणूस होतो. लगेच पुढे म्हणतो, मला हे पटत नाही, पण सांगणारे शपथेवर सांगतात. प्लेटो ग्रीसच्या आर्केडिया भागातल्या लायकायॉन पर्वतावरच्या झ्यूसच्या वेदीची वदंता सांगतो: तिथल्या बळीच्या मांसात मिसळलेला माणसाच्या आतड्याचा तुकडा ज्याच्या तोंडी जाईल तो लांडगा होतो. त्याला लांडग्याशी कर्तव्य नाही, लोकनेत्याचा हुकूमशहा कसा होतो हे त्याला दाखवायचं आहे. २०१६ मध्ये याच वेदीच्या राखेच्या थरांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा एका किशोरवयीन मुलाचा सांगाडा मिळाला, तेव्हा बातम्यांनी नरबळी सिद्ध झाल्याचाच गाजावाजा केला. सांगाडा मिळाला एवढंच खरं. नरबळी त्यावरून सिद्ध होत नाही.

रोमन प्लिनी याच आर्केडियातल्या एका घराण्याची गोष्ट देतो. चिठ्ठी टाकून एकाची निवड व्हायची. तो तळ्याकाठच्या ओकच्या झाडावर कपडे टांगून पोहत पलीकडे जायचा आणि नऊ वर्षं लांडगा होऊन हिंडायचा. त्या काळात माणसाला तोंड लावलं नाही तर परत पोहत यायचं, कपडे घालायचे, माणूस व्हायचं. प्लिनीही हे खोटं समजतो आणि ग्रीकांच्या भाबडेपणावर तोंडसुख घेतो. हे मुद्दाम सांगते, कारण ‘पूर्वीच्या लोकांचा यावर ठाम विश्वास होता’ हे वाक्य तुमच्या निवेदकाच्या तोंडी सहज येईल. लिहून ठेवणाऱ्यांपैकी निम्म्यांचा तरी नव्हता.

माझी सर्वांत लाडकी गोष्ट मात्र पेट्रोनियसची, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. मेजवानीत दारू चढलेला निकेरॉस नावाचा माणूस आपबिती सांगतो. रात्री एका सैनिकाच्या सोबतीने तो निघाला. रस्त्याकडेच्या थडग्यांपाशी सैनिकाने कपडे उतरवले, त्यांच्याभोवती लघवीचं रिंगण घातलं आणि लांडगा होऊन रानात पळाला. कपडे उचलायला जावं तर ते दगड झालेले! निकेरॉस धापा टाकत मैत्रिणीच्या शेतावर पोचतो, तर ती म्हणते, जरा आधी आला असतास तर मदत झाली असती, लांडगा मेंढरांत शिरला होता, आमच्या गड्याने त्याच्या मानेत भाला खुपसला. घरी येऊन पाहतो तर सैनिक अंथरुणावर पडलेला आणि वैद्य त्याच्या मानेला मलमपट्टी करतोय.

या गोष्टीत चंद्र आहे. दुपारसारखं लख्ख चांदणं पडलं होतं, असं निकेरॉस सांगतो. पण चंद्रामुळे कुणी बदलत नाही. चांदणं अशासाठी की निकेरॉसला सगळं दिसावं. बदल घडवतात ते कपडे. प्लिनीकडेही कपडे. पुढे बाराव्या शतकात मारी द फ्रांसच्या ‘बिसक्लाव्रे’ या काव्यातही तेच. तिथला उमराव आठवड्यातले तीन दिवस लांडगा असतो. बायको गोडीगुलाबीने गुपित काढून घेते आणि प्रियकराकरवी त्याचे कपडे चोरते, मग बिचारा रानातच अडकतो. राजाला तो सापडतो, दरबारात इमानी कुत्र्यासारखा राहतो आणि एके दिवशी बायको समोर येताच तिचं नाक तोडतो. वाचणाऱ्याची सहानुभूती पूर्णपणे लांडग्याकडे जाते. खलनायिका दोन पायांची.

आता तुमचे तीन नियम.

पौर्णिमा. आजच्या रूपातला नियम, म्हणजे दर पौर्णिमेला इच्छा असो वा नसो रूप पालटणं, पक्का केला सिनेमाने. १९३५ च्या ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’मध्ये तो आहे. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मधल्या प्रसिद्ध चारोळीत नुसता शरदातला लख्ख चंद्र आहे, १९४३ च्या पुढच्या भागात त्याच ओळीत पूर्ण चंद्र आला. पण ‘हे सगळं हॉलिवूडचं’ असं म्हणून मोकळं होणंही चूक. टिलबरीचा गर्व्हेस तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की इंग्लंडमध्ये चंद्राच्या कलांनुसार माणसं लांडगे होताना आम्ही पुष्कळदा पाहिली आहेत. म्हणजे कल्पना होती, पण तुरळक. खटल्यांच्या जबाबांत तिला फारसं स्थान नाही.

चांदीचंही तसंच अर्धंमुर्धं. फ्रान्सच्या जेव्होदाँ भागात १७६४ ते १७६७ या काळात एका श्वापदाने शंभराच्या आसपास माणसं मारली, बहुतेक बायका आणि गुरं राखणारी पोरं. जाँ शास्तेल या तिथल्या शिकाऱ्याने ते चांदीच्या गोळीने मारलं असं हटकून सांगतात. ती गोळी विसाव्या शतकातल्या लेखकांनी भरली आहे, त्या वेळच्या कागदांत ती नाही. पण एकोणिसाव्या शतकात नोंदलेल्या उत्तर जर्मनीतल्या एका आख्यायिकेत ग्राइफ्सवाल्ड गावचे विद्यार्थी चांदीची बटणं वितळवून लांडगामाणसांवर गोळ्या झाडतात. ग्रिमबंधूंच्या संग्रहात एका चेटकिणीला शिशाची गोळी लागत नाही तेव्हा शिकारी कोटाची चांदीची बटणं बंदुकीत भरतो. चांदी ही कुठल्याही चेटकावरची तोड होती. वेअरवुल्फसाठी राखीव झाली ती सिनेमात.

चावल्याने लागण हा तिघांतला सर्वांत नवा नियम. जुन्या गोष्टींत माणूस लांडगा होतो तो देवाच्या कोपाने, संताच्या शापाने, कातडं पांघरून, पट्टा बांधून, मलम चोळून किंवा जन्मतःच तसा असल्याने. ज्याला लांडगामाणूस चावला तो मरतो किंवा जखमी होतो, स्वतः लांडगा होत नाही. तुमच्या कथेत एक तरी सिनेमाई नियम काढायचा असेल तर हा काढा. तो काढला की गोष्टीत साथीऐवजी करार येतो, आणि करार कुणाशी, कशाच्या बदल्यात, हा जास्त चांगला प्रश्न आहे.

इथे खटल्यांकडे वळू, कारण न्यायालयाला नेमका तोच प्रश्न पडला होता.

लोक समजतात की मध्ययुगीन चर्चने ही समजूत पसरवली. सुरुवातीला उलट होतं. अकराव्या शतकाच्या आरंभी वर्म्सचा बिशप बुर्खार्ड कबुलीजबाब घेणाऱ्या पाद्रींसाठी प्रश्नावली लिहितो, तिच्यात माणूस लांडगा होऊ शकतो असं मानणाऱ्याला प्रायश्चित्त आहे. मानणं हेच पाप. पुढच्या पाचशे वर्षांत वारं फिरलं. सोळाव्या शतकातले बरेच पंडित म्हणायला लागले की सैतान खरं रूप बदलू शकत नसेल, पण भ्रम घालू शकतो, आणि त्यासाठी त्याच्याशी करार केलेला असतो. त्यामुळे न्यायाधीशाला आरोपी खरोखर लांडगा झाला का हे सिद्ध करावंच लागत नव्हतं. करार कबूल झाला की काम झालं.

असे खटले फ्रान्सचा पूर्व भाग, जर्मन भाषक मुलूख, स्वित्झर्लंड आणि बाल्टिक किनाऱ्यावर जास्त झाले. इंग्लंडमध्ये जवळपास नाहीत. तिथे लांडगेच उरले नव्हते. १५७३ मध्ये फ्रांश-काँते प्रांतात दोलच्या न्यायालयाने गावकऱ्यांना शस्त्रं घेऊन लांडगामाणसाची शिकार करायला परवानगी दिली. सापडला जिल गार्निए नावाचा, बायकापोरांसह गावाबाहेर हलाखीत राहणारा बैरागी. मुलांना मारून खाल्ल्याच्या आरोपावरून त्याला १५७४ च्या जानेवारीत जाळलं. त्याच्या निकालपत्रात एक ओळ आहे ती मी प्रत्येक वर्गाला वाचून दाखवते. एका मुलाला त्याने मारलं तेव्हा तो माणसाच्याच रूपात होता, लोक धावून आले नसते तर त्याने त्याचं मांस खाल्लं असतं, आणि तेही शुक्रवार असूनही! शुक्रवारी कॅथलिकांना मांस वर्ज्य. पोराला मारलं हे भीषण, पण उपासाच्या दिवशी मांसाला तोंड लावणार होता हेही नोंदवल्याशिवाय कारकुनाला राहवलं नाही. हा कागद कुणी लिहिला ते त्या ओळीत दिसतं.

१५८९ चा कोलोनजवळच्या बेडबुर्गचा पीटर श्टुम्प तुम्हाला सगळीकडे भेटेल. सैतानाने दिलेला पट्टा बांधून तो लांडगा व्हायचा आणि पंचवीस वर्षं खून करत होता, असं सांगतात. याची बहुतेक माहिती १५९० मध्ये लंडनला छापून विकलेल्या एका सनसनाटी पुस्तिकेतून येते. छळयंत्र समोर दिसताच त्याने कबुली दिली. पट्टा कुठे टाकला ते सांगितलं, माणसं शोधायला गेली, काही मिळालं नाही. पुस्तिका म्हणते की तो ज्याचा त्याच्याकडे, सैतानाकडे परत गेला असावा. पुरावा न सापडणं हाच पुरावा झाला. त्या भागात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सैन्यांनी नुकताच धुमाकूळ घातला होता, तेही विसरू नका. अशा मुलखात कुरतडलेली प्रेतं पडलेली असतात आणि कुणालातरी जबाब द्यायचा असतो.

मग या कागदांवर अजिबात विश्वास ठेवू नये का? ठेवावा, पण कुठे ते शोधून. माझी पद्धत साधी आहे. उत्तराआधी प्रश्न वाचायचा. उत्तर जर प्रश्नाचाच प्रतिध्वनी असेल, ‘सैतानाने मलम दिलं का?’ ‘हो, दिलं,’ तर तिथे आरोपीचा आवाज फार कमी. उत्तर प्रश्नाला आडवं जातं तिथे कान टवकारायचे.

जाक रूले हा १५९८ मधला आंजेजवळचा भिकारी. एका मुलाच्या प्रेताजवळ अर्धनग्न, रक्ताने माखलेला सापडला. न्यायाधीश विचारतात, हातपायांचे पंजे झाले होते का? हो म्हणतो. डोकं लांडग्याचं झालं होतं का, जबडा मोठा झाला होता का? त्यावर त्याचं म्हणणं असं की तेव्हा डोकं कसं होतं ते मला माहीत नाही, मी दात वापरले, डोकं आज आहे तसंच होतं. हे उत्तर न्यायाधीशांच्या सोयीचं नाही. आंजेने मृत्युदंड दिला, पण पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने तो बदलून त्याला दोन वर्षं इस्पितळात ठेवायला सांगितलं. १६०३ मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने जाँ ग्रेनिए या चौदाएक वर्षांच्या पोराला असाच मतिमंद ठरवून मठात पाठवलं. तो स्वतःच गुराखी पोरींना सांगत फिरायचा की मी लांडगा होतो. म्हणजे त्याच काळात, त्याच देशात, काही न्यायाधीशांना समोरचा माणूस आजारी आहे हे दिसत होतं.

आणि आता थिस. तुमच्या मालिकेला एकच पात्र घ्यायचं तर हे घ्या.

१६९१, लिव्होनिया. म्हणजे आजच्या लॅटव्हियाचा उत्तर आणि एस्टोनियाचा दक्षिण भाग; तेव्हा राज्य स्वीडनचं, जमीनदार आणि न्यायाधीश जर्मन भाषक, कुळं लॅटव्हियन. युर्गेन्सबुर्ग गावात चर्चमध्ये चोरी झाली, त्याची चौकशी चालू होती. ऐंशी ओलांडलेला थिस निव्वळ साक्षीदार म्हणून आला होता. तो शपथ घेणार इतक्यात दुसरा एक साक्षीदार हसला. का हसलास? तर म्हणे, हा लांडगामाणूस आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, हा कसली शपथ घेणार! थिसने नाकारलं नाही. म्हणाला, होतो, दहाएक वर्षांपूर्वी सोडून दिलं. पूर्वी दुसऱ्या एका न्यायालयात त्याने हेच सांगितलं होतं तेव्हा न्यायाधीश नुसते हसले होते. या वेळचे हसले नाहीत.

त्याचं म्हणणं असं. आम्ही लांडगामाणसं म्हणजे देवाची कुत्री. वर्षातून तीन रात्री, नाताळाआधीच्या लुसियाच्या रात्री, ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणाला आणि जूनमधल्या सेंट जॉनच्या रात्री, आम्ही जमिनीखालच्या नरकात जातो. चेटके आमच्या शेतांचं बी, धान्य, गुरांची बरकत चोरून तिथे नेतात, ती आम्ही लढून परत आणतो. परत आणलं तर पीक येतं, नाही तर दुष्काळ. रशियन लांडगामाणसं वेगळी, जर्मनांची वेगळी, ज्याची त्याची वेगळी स्वारी. माझं नाक मोडलंय ते तिथेच. स्केस्टान नावाच्या चेटक्याने केरसुणीच्या दांड्याने मारलं.

न्यायाधीश गोंधळले. वाटेत गुरं मारून भाजून खातो असं तो म्हणाला, तर त्यांनी विचारलं, लांडगे असून कच्चं का खात नाही? तो म्हणाला, तशी रीत नाही, माणसासारखं भाजून खातो. पुन्हा पुन्हा त्यांनी सैतानाशी करार कबूल करायला लावायचा प्रयत्न केला आणि पुन्हा पुन्हा म्हातारा उलट सांगत राहिला की सैतान तर आमचा वैरी आहे, मी केलं त्याने गावाचं भलं झालं. पाद्रीने समजावलं, धमकावलं. तो म्हणाला, मला पाद्रीपेक्षा जास्त कळतं. १६९२ मध्ये निकाल लागला: चाबकाचे फटके आणि हद्दपारी. जाळलं नाही.

विद्वान यावर अजून भांडतात. इतिहासकार कार्लो गिन्झबुर्गने थिसची तुलना इटलीतल्या फ्रिउली भागातल्या बेनान्दान्तींशी केली. तेही ठरावीक रात्री देहाबाहेर पडून बडीशेपेच्या दांड्या घेऊन, ज्वारीसारखे धांडे घेतलेल्या चेटकिणींशी पिकासाठी लढतो असं इन्क्विझिशनला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाला, सांगत. त्यावरून गिन्झबुर्गला युरोपभर पसरलेला समजुतींचा एक फार जुना थर दिसतो. ब्रूस लिंकन या धर्म-इतिहासकाराला त्यात जर्मन जमीनदारांपुढे उभ्या असलेल्या लॅटव्हियन कुळाचा हजरजबाबीपणा दिसतो: तुम्ही ज्याला सैतान म्हणता त्याच्या बाजूचे आम्ही नव्हेच. आणखी आधी, १९३० च्या दशकात, ऑटो हॉफलरने याच कागदातून प्राचीन जर्मन योद्ध्यांचे गुप्त संघ काढून दाखवले. नाझींचा तो काळ आणि ते राजकारण लक्षात घेता त्याबद्दल जास्त बोलायला नको. माझं मत लिंकनच्या बाजूला झुकतं. लांबलांबच्या प्रदेशांतली साम्यं मोहात पाडतात, पण थिसच्या तोंडची प्रत्येक गोष्ट त्याच्या गावच्या बार्ली-राय या धान्यांशी आणि मालकांशी घट्ट बांधलेली आहे. मूळ जबाब इंग्रजी अनुवादात पूर्ण उपलब्ध आहे. तो वाचूनच तुम्ही ठरवा.

थोडक्यात इथवर असं दिसतं: गोष्टीत कपडे जुने, चंद्र दुय्यम, चांदी उसनी, लागण नवी, न्यायालयात लांडग्यापेक्षा सैतानाशी झालेला करार मोठा.

आता आजारांबद्दल. १९६४ मध्ये ली इलिस या ब्रिटिश डॉक्टरने पोर्फिरियाची कल्पना मांडली. उजेड सहन न होणं, कातडीवर जखमा, लालसर दात, चेहऱ्यावर केस, हे सगळं जुळतं खरं. पण कशाशी जुळतं? सिनेमातल्या वेअरवुल्फशी. गार्निए, रूले, ग्रेनिए यांच्या कागदांत लाल दात नाहीत, उजेडाची भीती नाही. शिवाय त्या प्रकारचा पोर्फिरिया इतका दुर्मीळ आहे की शेकड्यांनी लोक आरोपी होण्याचा हिशोब लागत नाही. रेबीजचं थोडं पटतं, पिसाळलेला लांडगा एका दिवसात अनेकांना चावू शकतो. पण तो हल्ल्यांचा खुलासा झाला, आरोपींचा नव्हे. रायवरच्या अर्गट बुरशीने भ्रम होतात हे खरं, मात्र त्यासाठी त्या त्या गावात त्या वर्षी विषबाधा झाल्याची नोंद हवी.

अंगभर केस असण्याच्या व्याधीबद्दल तर एक उलटा पुरावाच आहे. टेनेरिफ बेटावरचा पेत्रुस गोन्साल्व्हुस, चेहऱ्यासकट सगळं अंग केसांनी झाकलेला मुलगा, १५४७ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीच्या दरबारात आला. त्याला लॅटिन शिकवलं, पुढे लग्न झालं, मुलं झाली, त्यातली काही तशीच केसाळ. दरबारी कुतूहलाची वस्तू म्हणून त्याला वागवलं, हे काही सुखाचं आयुष्य नव्हे. पण ज्या काळात फ्रांश-काँतेत लांडगामाणसं जळत होती त्याच काळात दिसायला सर्वांत लांडग्यासारखा असलेला माणूस राजाच्या आश्रयाला होता. जाळले गेले ते दिसायला साधे, पण गरीब आणि गावाबाहेरचे.

मानसिक आजार मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. आपण लांडगा आहोत असा भ्रम ही मनोविकारशास्त्राला माहीत असलेली, दुर्मीळ गोष्ट आहे, आणि सातव्या शतकातला वैद्य एजिनाचा पॉल तिच्यावर स्वतंत्र टिपण लिहितो: रोगी रात्री थडग्यांपाशी हिंडतात, फिकट असतात, डोळे कोरडे, तहान फार, नडग्यांवर न भरणाऱ्या जखमा. उपाय म्हणून रक्त काढणं आणि स्नानं. ग्रेनिएला हे लागू पडेलही. थिसला नाही, तो पुरता शुद्धीवर होता. एकच आजार शोधणारे इथेच फसतात, सगळ्यांना एका गोणीत भरतात.

आणि गोणीबाहेर राहतो तो खरा लांडगा. युरोपात लांडगे खरोखर पोरं उचलत होते, विशेषतः एकट्याने गुरं राखणारी. हे आपल्याला दूरचं वाटायचं कारण नाही. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात प्रतापगढ, सुलतानपूर, जौनपूर भागात सत्तरहून जास्त मुलांवर हल्ले झाले. वन्यजीवशास्त्रज्ञ वाय. व्ही. झाला आणि डी. के. शर्मा यांनी तपास केला. हल्ले लांडग्याचेच होते. पण गावोगाव चर्चा होती ती लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसाची. कुणी म्हणे तो दोन पायांवर उभा राहतो, कुणी म्हणे सीमेपलीकडून आलेले हेर लांडग्याचं सोंग घेतात. अनोळखी माणसांवर जमाव तुटून पडले. इथे पोर्फिरिया कुणालाच नव्हता. घरातलं मूल गेलं होतं, यंत्रणा पोचत नव्हती, आणि जनावराला जाब विचारता येत नाही. गार्निएच्या गावात काय झालं असेल हे मला कुठल्याही वैद्यकीय लेखापेक्षा त्या वर्षीच्या बातम्यांनी जास्त समजावलं.

शेवटचा प्रश्न, सह्याद्री. कथा तुमची आहे, घडवा. पण ‘सह्याद्रीतली वेअरवुल्फची प्राचीन दंतकथा’ असं निवेदनात म्हणू नका, कारण तशी दंतकथा नाही, आणि ऑडिओवर एकदा आलं की वर्षभरात ते ‘लोक म्हणतात’ होऊन फिरतं. महाराष्ट्रातला लांडगा मुळात घाटातला नव्हे, सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडच्या माळरानांवरचा. रूप बदलणारा माणूस हवा असेल तर भारतात तो बहुतेक वाघ होतो, मध्य भारतातल्या आदिवासी कथांत आणि ईशान्येत. आपल्याकडे वारल्यांचा वाघोबा आहे, पण तो देव आहे, त्याला शापित माणूस करून टाकाल तर ज्यांचा देव त्यांना ते आवडणार नाही, आणि त्यांचं बरोबर असेल. सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना आजच्या आहेत. तो धागा घेणार असाल तर रंजकतेसाठी घेऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर कथा लिव्होनियातच ठेवली असती आणि पहिला भाग सरळ न्यायालयात सुरू केला असता, साक्षीदार हसतो तिथून. प्रश्न जर्मन बोलणाऱ्या न्यायाधीशाचे, उत्तरं लॅटव्हियन म्हाताऱ्याची, मध्ये दुभाषी. मराठीत हे फार छान जमेल: न्यायाधीशाला कचेरीची बोजड मराठी द्या आणि थिसला तुमच्या आजोळच्या गावातली. रूप पालटण्याचे आवाज, हाडं मोडल्याचे, गुरगुरण्याचे, एकही वापरू नका. त्या अख्ख्या जबाबात तसा प्रसंगच नाही; लांडगा कसे होता असं विचारल्यावर तो कातडं पांघरण्याबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि पुन्हा पिकांवर येतो.